सुतळीच्या बटणांचा कोट

आमच्या घरात कुणाच्या शर्टाचं बटण तुटलं तर ते मी लावायचं नाही, असं जवळजवळ ठरूनच गेलं आहे. पूर्वी एकदा लावलं होतं. ह्यांच्या पांढऱ्या शर्टाचं, कॉलरखालचं दुसरं. जेवायला बसलो तेव्हा समोर धाकटे भाऊजी होते, म्हणजे माझे दीर. त्यांचं लक्ष काही ताटात लागेना. शेवटी हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "दादा, तो शर्ट काढ."

"अरे, जेवू दे की," हे म्हणाले.

"जेवण कुठे पळून जात नाही. ते बटण मला बघवत नाहीये."

ह्यांनी बनियनवर जेवण उरकलं. तेवढ्यात भाऊजींनी बटण उसवून, नवा दोरा ओवून, पुन्हा जागेवर बसवूनही दिलं. वर मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे. सुईला मात्र तो हात लावू नका."

भाऊजी शिंपी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. काचेला टेकून उभा केलेला लाकडी धड असलेला पुतळा, दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा. कोट शिववून घ्यायला लोक लांबून येतात, आणि थोडे घाबरतच येतात. कारण भाऊजींचं एकच म्हणणं असतं, कपडा अंगाला बसला पाहिजे. समोरच्या बँकेतले कॅशियर दर वेळी विनवतात, "मास्तर, पोटाशी जरा सैल ठेवा, जेवण झाल्यावर त्रास होतो." भाऊजी टेप गळ्यात टाकत म्हणतात, "मग जेवण सैल करा."

अशा माणसाला पन्नाशीत बंदुकीचं वेड लागलं.

त्याचं झालं असं, की गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबला नवे पडदे हवे होते. भाऊजी खिडक्यांची मापं घ्यायला गेले. तिथले कोच मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी सहज म्हटलं, मास्तर, एक गोळी मारून बघा. हवेची रायफल, आत मुगाच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा. समोर दहा मीटरवर कागदाचं टार्गेट. भाऊजींनी मारली. कोचांनी कागद जवळ आणून पाहिला आणि म्हणाले, अजून एक मारा बरं. मग अजून एक.

त्या दिवशी भाऊजी घरी आले ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले. चहा समोर निवून गेला. माझी जाऊ दवाखान्यात नर्स आहे, तिला आधी वाटलं ताप आला. कपाळाला हात लावला तर म्हणाले, "अगं, तिथे काहीच हलत नाही. सगळं जग थांबतं आणि एक काळा ठिपका राहतो."

"पडद्यांची मापं आणलीत का?" तिने विचारलं.

ती आणायची राहिली होती.

पुढे क्लबातल्याच एकांनी नवी रायफल घेतली, तेव्हा त्यांची जुनी भाऊजींनी घेतली. लाकडी दस्त्याची, वजनाला चांगली भरभक्कम. तिला त्यांनी सुटाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली, आतून रेशमी अस्तर लावून. जाऊ म्हणाली, "बंदुकीला अस्तर. आणि माझ्या पर्सची चेन कधीची तुटलीये ती तशीच."

घरचा सराव म्हणजे नुसता धरण्याचा. रायफलीत छर्रा नसतो, कुलूपबंद डबा वेगळा ठेवलेला असतो, त्या बाबतीत ते फार कडक. दुकानाच्या दारात उभं राहायचं आणि मधली खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा. रायफलीच्या मागच्या चकतीला बारीक भोक असतं आणि पुढे कडी. भोकातून बघत कडीच्या मधोमध ठिपका आणायचा आणि तो तिथेच ठेवायचा. तो ठिपका पिठाच्या डब्याच्या बरोबर वर. त्यामुळे मला पीठ हवं असलं की आधी ओरडावं लागायचं, "भाऊजी, मी येतेय हो." आतून ह्यांचा आवाज यायचा, "शरण जा, म्हणजे जेवायला मिळेल."

हळूहळू ते स्पर्धांना जायला लागले. त्यांचा गट ज्येष्ठांचा. विभागाच्या स्पर्धेत पहिले आठ येतात ते राज्य स्पर्धेला जातात, आणि नववा राखीव राहतो. आठातला कुणी आजारी पडला तरच त्याचा नंबर. भाऊजी पहिल्या वर्षी नववे आले. दुसऱ्या वर्षीही नववे आले. आठातलं कुणी शिंकलंसुद्धा नाही. तेव्हापासून क्लबात त्यांना सगळे राखीव मास्तर म्हणायला लागले. भाऊजी हसायचे, पण दुकानात एकटे असले की कात्री जरा जोरात चालायची.

त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय. घाई नाही, पण पुढच्या वर्षी काढावा लागेल. उजवाच डोळा नेमाचा. काढल्यावर दिसेल उत्तमच, पण तोच डोळा पुन्हा त्या बारीक भोकाशी जमवून घ्यायला किती काळ जाईल ते डॉक्टरांनाही सांगता येईना. म्हणून भाऊजींनी मनाशी धरलं, जे काय व्हायचं ते या वर्षी. आठात यायचं.

आणि आठात यायचं तर स्वतःचा कोट हवा.

नेमबाजीचा कोट वेगळा असतो. जाड कॅनव्हासचा, कोपराला, खांद्याला आणि पुढच्या कडांना चामडं. तासभर रायफल धरून उभं राहायचं तर पाठीला आणि कमरेला तो आधार देतो. आतापर्यंत भाऊजी क्लबचा सामायिक कोट वापरत होते. तो कुणाच्या मापाचा होता देव जाणे. भाऊजी म्हणायचे, "या पोत्यात उभा राहून मी नववा आलो. माझ्या मापाच्या कोटात काय करीन विचार करा." विकतचा कोट महाग होता, पण तो प्रश्नच नव्हता. शिंप्याने कोट विकत घ्यायचा म्हणजे मी शेजारणीकडून पोळ्या लाटून आणण्यासारखं झालं.

कोचांनी नियमांची प्रत दिली. भाऊजींनी ती चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचली. कापड किती जाड चालेल, किती ताठ चालेल, चामडं कुठे चालेल, सगळं पाळलं. एका नियमापाशी मात्र ते हसले आणि आम्हाला वाचून दाखवलं. कोट घालून हात सोडून उभं राहिल्यावर पुढच्या कडा बटणांच्या पलीकडे चार बोटं तरी एकमेकींवर ओढता आल्या पाहिजेत, इतका तो सैल हवा.

"बेढब शिवा, असा नियम कुठे असतो का?" भाऊजी म्हणाले. "हे तयार कोट घेणाऱ्यांसाठी लिहिलंय. त्यांचे तसेही अंगात फिरतात."

ह्यांनी विचारलं, "लिहिलंय तसं?"

"तसं लिहीत नाहीत रे दादा, ते समजायचं असतं."

कोट झाला तो बघत राहावा असा. आरशासमोर भाऊजी उभे राहिले तर कुठे एक सुरकुती नाही. बटणं लावताना थोडा श्वास आत घ्यावा लागायचा, पण ते म्हणाले, फिटिंग याला म्हणतात.

आणि त्या दिवसापासून त्यांचे गुण घसरायला लागले.

आधी छर्रे वाईट निघाले. दुसऱ्या कंपनीचे आणले, तेही वाईट निघाले. मग मागच्या चकतीचं भोक मोठं झालंय असं वाटलं, म्हणून ती बदलली. मग बुटांचे तळवे. मग चष्मा. मग क्लबची फरशी एका बाजूला उतरती आहे असं त्यांना दिसायला लागलं, आणि त्यांनी खरंच तिथे पाणी ओतून पाहिलं. कोचांनी फडकं आणून दिलं. घरी तर माझ्या चालण्याने जमीन हादरते असं निघालं.

"मी चालते त्याने?" मी विचारलं.

"तुम्ही नाही हो वहिनी. पण ठिपका टकटक उडतो एवढं खरं."

जाऊ कामावर जायच्या तयारीत होती. ती आली, कोट घालून रायफल धरून उभ्या असलेल्या नवऱ्याचं मनगट पकडलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाडी उडतेय तुमची. गळ्यापासून पोटापर्यंत आवळून घेतलंय, उडणार नाही तर काय. कोट सैल करा."

"तू सुया टोचायचं बघ. कपड्यातलं मला सांगू नकोस."

"मीही सुईचंच काम करते," म्हणून ती गेली.

छर्रे, चष्मा, फरशी, वहिनी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कोटावर मात्र नाही. तो त्यांनी स्वतः शिवला होता ना.

स्पर्धेच्या दिवशी जाऊची ड्युटी होती आणि ह्यांना दुकान सांभाळायचं होतं, म्हणून भाऊजींबरोबर मी गेले. डबा, पाण्याची बाटली घेतली आणि देवासमोरचं फूल पदरात बांधलं. मी देवाला नंबर वगैरे मागत नाही, बरं दिसत नाही ते. त्याला काय तेवढंच काम आहे? मी एवढंच म्हटलं, की यांचा हात शांत राहू दे.

नेमबाजीच्या रेंजबाहेरच्या खोलीत आधी सामानाची तपासणी असते. टेबलामागे एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या, समोर मापाची उपकरणं. रायफल तोलली, बूट वाकवून पाहिले, कोटाच्या कापडाची जाडी तीन-चार ठिकाणी पाहिली. सगळं बरोबर. बाई खूश झालेल्या दिसल्या. "कुणी शिवला?"

"मीच," भाऊजी म्हणाले. त्यांची मान जरा ताठ झाली.

"सुंदर आहे. आता घालून, बटणं लावून, हात सोडून उभे राहा."

ते राहिले. बाईंनी पुढच्या दोन्ही कडा धरल्या आणि एकीवर एक ओढून पाहिल्या. कोट जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. भाऊजी थोडे पुढे झुकले, कोट नाही.

"मास्तर, येत नाही."

"येणारच नाही. मापात शिवलाय."

"तेच म्हणतेय मी. सैल पाहिजे."

"पण बाई, सैल म्हणजे चुकीचा."

"इथे बरोबर म्हणजे सैल." त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या तुकडीची पाळी यायच्या आत काही करता आलं तर करून आणा, मी पुन्हा बघते. नाहीतर साध्या शर्टात उभे राहा. या कोटात नाही."

भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांच्या दुकानाची पाटी उतरवली आहे. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. कोचांनी आपला कोट देऊ केला. ते ताडमाड उंच. भाऊजींचे हात बाह्यांच्या आत हरवले आणि कोट गुडघ्याला लागला. साध्या शर्टात तासभर उभं राहायचं तर पाठ अर्ध्यातच बोलायला लागते, हे मलाही माहीत होतं.

भाऊजी बाकावर बसले, कोट मांडीवर घेऊन. म्हणाले, "झालं वहिनी. या वर्षी राखीवसुद्धा नाही."

मी कोट हातात घेतला. पुढच्या कडेला बटणांच्या बाहेर चामड्याची रुंद पट्टी होती, शोभेसाठी सोडलेली. मी म्हटलं, "बटणं इथे बाहेर कडेला सरकवली तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तर समोरून पोत्यासारखा लोंबेल."

"तेच तर त्या बाईंना पाहिजे ना?"

आता सुई पाहिजे होती. मी त्यांच्या पिशवीत शोधली. तेलाची कुपी, छर्र्यांचे डबे, तीन जातीचे मोजे, चष्मा पुसायची चार फडकी, सगळं होतं. जन्मभर सुईवर जगलेला माणूस स्पर्धेला येताना सुई घेऊन आला नव्हता. माझ्या पर्समध्ये एक होती, पण ती चामड्यात शिरताच वाकली. शेवटी कोच रेंजच्या राखणदाराला घेऊन आले. मोठ्या बंदुकांच्या रेंजवर रेतीची पोती रचलेली असतात, ती फाटली की हा राखणदार शिवतो. त्याच्याकडे दाभण होतं, आणि सुतळीचा गुंडा.

भाऊजींनी सुतळीकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "कोटाला सुतळी," एवढंच म्हणाले.

बटणं त्यांनीच राखणदाराकडच्या पात्याने उसवली. मग दाभण उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "वहिनी, हे चामड्यातून रेटायचं म्हणजे मनगट थरथरायला लागेल. आत्ता मला हात वापरता येणार नाही. तुम्ही लावा."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

मी पदर खोचला आणि बसले. बटणाची जागा त्यांनी खिशातल्या खडूने दाखवली. एका टाक्याला दोन्ही हातांचं बळ लागत होतं. राखणदार शेजारी उकिडवा बसून मला धीर देत होता, "जोरात रेटा ताई, ते काय रेशीम नाही." समोर भाऊजी उभे. बघू नका म्हटलं तरी बघत होते.

"टाका तिरका गेला, वहिनी."

"मग घ्या तुम्ही."

"नाही, नाही. छान आहे."

थोड्या वेळाने, "गाठ वरून दिसतेय."

"भाऊजी, तुम्ही तिकडे जाऊन झाडं बघा बरं."

ते गेले. दोन झाडं बघून परत आले. शेवटचं बटण होईपर्यंत माझं बोट दोनदा टोचलं आणि पदरातलं फूल चुरगळलं, पण बटणं बसली. एकही एका रेषेत नव्हतं. दर बटणावर सुतळीची गाठ उभी, शेंडी ठेवल्यासारखी.

बाईंनी कडा ओढल्या. आल्या, चार बोटं भरून आल्या. त्यांनी कोटावर शिक्का मारला, मग बटणांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हेही तुम्हीच लावलं?"

"नाही," भाऊजी घाईने म्हणाले. "हे आमच्या वहिनींनी."

मी आणि कोच मागे खुर्च्यांवर बसलो. प्रत्येक नेमबाजाच्या वर छोटा पडदा होता, त्यावर गोळी कुठे लागली ते दिसे. सुरुवातीच्या गोळ्या सरावाच्या असतात, त्या मोजत नाहीत. भाऊजींनी रायफल उचलली, गाल टेकवला. मी त्यांच्या उजव्या खांद्याकडे बघत होते. नेम बिघडायचा असला की तो खांदा आधी वर येतो, पिठाच्या डब्यापाशी उभं राहून इतक्या वेळा पाहिलं होतं मी. खांदा वर आला नाही. पण त्यांनी गोळी न मारताच रायफल खाली घेतली. कोटाकडे पाहिलं. पोटाशी हात घालून तो पुढे ओढून पाहिला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मोठ्या आश्चर्याने, जणू मीच काहीतरी केलं होतं.

"काय झालं?" मी कोचांना कुजबुजत विचारलं.

"काही नाही," कोच म्हणाले. "मास्तरांनी पूर्ण श्वास घेतला. बऱ्याच महिन्यांनी."

मग रायफल पुन्हा वर गेली. पहिली मोजायची गोळी दहावर, म्हणजे अगदी मधोमध. दुसरी दहावर. तिसरी नऊवर, आणि भाऊजींनी डोकंसुद्धा हलवलं नाही. एरवी नऊ लागली की ते चष्मा पुसतात.

अर्ध्यावर असताना मधलं बटण सैल झालं. मीच लावलेलं, दुसरं काय होणार? सुतळीचा एक पदर सुटून ते लोंबायला लागलं. प्रत्येक वेळी रायफल उचलली की बटण हले, खाली घेतली की हले. मी देवाचं नाव घेत होते, पण लक्ष सगळं बटणावर. देव समजून घेईल. भाऊजींनी एकदा खाली पाहिलं. त्यांच्यासारख्या माणसासमोर कोटाचं बटण लोंबतंय, आणि त्याला हात लावायचा नाही, काय यातना झाल्या असतील. त्यांनी मान वर केली आणि पुढची गोळी दहावर मारली.

निकाल भिंतीवर लागला तेव्हा मी खालून वाचायला लागले, सवयीने. बारावा, अकरावा, दहावा. नवव्या ओळीवर थांबले तर तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव. मला वाटलं, गेलंच. कोच मागून म्हणाले, "अजून वर बघा ताई." सहाव्या ओळीवर भाऊजी होते.

"राखीव मास्तर," कोच म्हणाले, "आता तुम्हाला दुसरं नाव शोधावं लागणार."

भाऊजींनी लोंबणारं बटण हातात धरलं होतं. परतीच्या वाटेवर मात्र तोंड थांबेना. "वहिनी, ठिपका गप्प बसला होता. नुसता बसला होता, पाळण्यातल्या पोरासारखा. पूर्वी टकटक करायचा तो माझाच जीव उडत होता हो."

घरी आल्यावर जाऊने सगळं ऐकून घेतलं. कोट उलटसुलट करून पाहिला. मग नवऱ्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघत म्हणाली, "मी काय म्हटलं होतं?"

"कधी?" भाऊजी म्हणाले.

"सैल करा म्हटलं होतं."

"तुझं वेगळं होतं. हा दाभणाचा गुण आहे."

हे तिकडून म्हणाले, "नियमातही होतं रे. तयार कोटांसाठी."

भाऊजी हसले आणि कान धरला.

राज्य स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. जाऊने दोनदा विचारलं, मशीनवर बटणं नीट लावून घेत नाही का. ते कोटाला हात लावू देत नाहीत. सुटलेल्या बटणाचा टाकासुद्धा माझ्याकडूनच घालून घेतला. पिशवीत आता एक दाभण आणि सुतळीचा छोटा गुंडा असतो. मोतीबिंदूची तारीख त्यांनी स्पर्धेनंतरची घेतली आहे.

परवा कॅशियर नवा कोट न्यायला आले. घालून आरशासमोर उभे राहिले, तेव्हा भाऊजींनी टेप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बटणं लावून एकदा पोटभर श्वास घ्या बरं." कॅशियर बिचारे घाबरून गेले. त्यांना वाटलं मास्तरांची तब्येत बरी नाही.

आणि काल ह्यांच्या शर्टाचं बाहीचं बटण तुटलं. भाऊजी क्लबात गेले होते आणि ह्यांना बाहेर जायची घाई, म्हणून मीच लावलं. जेवताना भाऊजी समोर होते. त्यांची नजर बाहीवर गेली. थोडा वेळ तिथेच राहिली. मी घास हातात धरून बसले होते. हे तर शर्ट काढायच्या तयारीत होते.

"राहू दे दादा," भाऊजी म्हणाले, आणि जेवायला लागले.